आपल्या वस्तीत पायी चालणे आणि सायकल चालवणे वाढवायचे कसे : नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागपूरइतके सायकलला अनुकूल मोठे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरचे हे शहर सेमिनरी हिल्सचा चढ आणि सीताबर्डीची टेकडी वगळता जवळजवळ सपाट आहे, धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर अशा जुन्या वसाहतींतील आतले रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी सावलीचे आहेत आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी घराबाहेर पडायला कोणालाही आवडावे अशी हवा असते. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या उपक्रमात अखेर निवडल्या गेलेल्या ११ शहरांत नागपूरचा समावेश होता. सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ हेही नागपूरचेच. एवढे असूनही दोन गल्ल्या पलीकडून दुधाची पिशवी आणायला स्कूटी काढणारी घरे प्रत्येक ले-आऊटमध्ये मोजावी तेवढी आहेत.

याचे कारण, माझ्या मते, आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. रविवारी सकाळी एकसारखे टी-शर्ट घालून फुटाळ्यापर्यंत रॅली काढली जाते, तर्री-पोहे खाऊन मंडळी घरी परततात आणि सोमवारी तीच मंडळी किराण्याच्या दुकानात गाडीवर जातात. हौसेच्या फेरीला माझा विरोध नाही, पण वस्तीची सवय बदलते ती दूध, भाजी, शाळा, शिकवणी, औषधे आणि मेट्रो स्थानक या रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या कामांतून. ही कामे पायी किंवा सायकलने होण्यासाठी एका वस्तीने क्रमाने काय करावे, ते पुढे मांडले आहे.

पहिली पायरी : परिसर लहान ठेवणे

संपूर्ण प्रभाग हाती घेण्याचा मोह टाळावा. एका चौकातून कोणत्याही दिशेला पायी १५ मिनिटांत पोहोचता येईल एवढा, म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आतला परिसर ठरवावा. त्यात किमान एक शाळा, किराणा आणि भाजीची एक ओळ, एक बाग किंवा मैदान आणि शक्य असल्यास मेट्रोचे स्थानक किंवा ‘आपली बस’चा थांबा यावा. या अंतरात सायकलला चार-पाच मिनिटे पुरतात, हे पहिल्या बैठकीत सांगून भागत नाही. चार जणांनी घड्याळ लावून प्रत्यक्ष जाऊन यावे. स्कूटी बाहेर काढणे, हेल्मेट शोधणे आणि दुकानापुढे जागा मिळवणे यात जाणारा वेळही त्याच वेळी मोजावा. छोट्या अंतराला गाडी फारशी लवकर पोहोचवत नाही, हे तेव्हा प्रत्येकाच्या लक्षात येते.

काम करणारा गट आठ-दहा जणांचा पुरे. मात्र जे आजही पायी किंवा सायकलने फिरतात त्यांना सर्वांत आधी बोलवावे. घरकाम करणाऱ्या ताई, अपार्टमेंटचे चौकीदार, पेपर टाकणारी मुले, दूधवाले आणि बांधकामावरचे मजूर यांना रस्त्याची जेवढी माहिती असते, तेवढी गाडीच्या काचेआडून रस्ता पाहणाऱ्याला कधीच नसते. कोणत्या वळणावर ट्रक अंगावर येतो, कोणत्या गल्लीत रात्री दिवा नसतो आणि कुठल्या नालीवरचे झाकण गायब आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. बैठकीची वेळही त्यांच्या सोयीने ठेवावी लागते. रात्री साडेआठच्या बैठकीला घरकाम करणाऱ्या बाया येणार नाहीत, पण दुपारी दीड ते तीनच्या मधल्या वेळेत त्या बहुधा येऊ शकतात.

दुसरी पायरी : मोजणी

सूचना आणि तक्रारी गोळा करण्याआधी आकडे हाती असावेत. त्यासाठी शंभर पानी वही, दोन पेन आणि सावलीतला एक कोपरा एवढेच साहित्य लागते. परिसरातील सर्वांत गजबजलेला चौक निवडून वहीत पाच उभे रकाने आखावेत : पायी, सायकल, दुचाकी, चारचाकी आणि ऑटो किंवा ई-रिक्षा. आडव्या ओळी दर १५ मिनिटांच्या असाव्यात. पायी आणि सायकल या दोन रकान्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुले वेगवेगळी मोजावीत, कारण रस्ता खरोखर सुरक्षित झाला की नाही हे पुढे स्त्रिया आणि मुले यांच्या आकड्यांवरूनच कळते. माणूस दिसला की एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी, ही किराणा दुकानातली जुनी पद्धत सर्वांत भरवशाची आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट मारताना नजर खाली जाते आणि दोन सायकली निसटतात. एकाने येणारी आणि दुसऱ्याने जाणारी बाजू सांभाळावी.

मोजणी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी, सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अशी करावी. सणवार, बंद, परीक्षा आणि पाऊस यांचे दिवस सोडून द्यावेत. हाच चौक, हाच वार आणि हीच वेळ पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायची असल्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर तारीख, तापमान आणि उभे राहण्याची नेमकी जागा लिहून ठेवावी.

याच आठवड्यात पन्नासेक घरी जाऊन दोन प्रश्न विचारावेत. मागच्या तीन दिवसांत दोन किलोमीटरच्या आतली कोणती कामे झाली आणि त्यासाठी कसे गेलात, हा पहिला प्रश्न. पायी किंवा सायकलने का गेला नाहीत, हा दुसरा. ‘सायकल चालवायला आवडेल का’ असा प्रश्न विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे बहुधा ऊन, कुत्री, मोठा रस्ता ओलांडण्याची भीती, सायकलची गेलेली हवा आणि ‘लोक काय म्हणतील’ या पाच गोष्टींभोवती फिरतात. आपल्या वस्तीत यांपैकी कोणते कारण वजनदार आहे, ते पाहून पुढच्या पायऱ्यांचा क्रम ठरवावा.

तिसरी पायरी : टेप घेऊन पायी पाहणी

पाहणीला एक ज्येष्ठ नागरिक, बाबागाडी ढकलणारी आई किंवा आजी आणि जमल्यास चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती सोबत असावी. एक फेरी दिवसा आणि एक रात्री आठनंतर घ्यावी.

मोजायचे काय, याला आधार आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार (आयआरसी १०३) निवासी भागातही फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा असावी लागते आणि फुटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. १.८ मीटर म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींच्या बाजूने जाऊ शकतील एवढी रुंदी. आता टेप घेऊन आपल्या गल्लीत फिरावे. विजेची डीपी, खांबाचा ताण, जाहिरातीचा फलक, उभी गाडी, रेती-गिट्टीचा ढीग आणि उखडलेले गट्टू यांमधून उरणारी मोकळी रुंदी बहुतेक ठिकाणी याच्या निम्मीही भरत नाही. प्रत्येक अडथळ्याचा फोटो काढून त्याखाली जवळच्या घराचा किंवा खांबाचा क्रमांक, मोकळी रुंदी आणि तारीख लिहावी.

नागपुरात एक गोष्ट वेगळी तपासावी लागते, ती म्हणजे सिमेंट रस्त्याची कड. काँक्रिटीकरणानंतर रस्ता जुन्या पातळीपेक्षा उंच होतो आणि त्याची कड व बाजूची जमीन यांमध्ये गट्टू बसवले जातात. जिथे हे गट्टू खचतात किंवा बसवलेलेच नसतात, तिथे काही इंचांची पायरी तयार होते. मागून बस आली म्हणून डावीकडे सरकलेल्या सायकलस्वाराचे पुढचे चाक या पायरीवरून उतरले की परत वर चढताना ते कडेला घासते आणि माणूस पडतो, तोही रस्त्याच्या बाजूला. पावसाळ्यात याच कडेला पाणी साचून पायरी दिसेनाशी होते. त्यामुळे अशा सर्व जागा नकाशावर लाल पेनाने दाखवाव्यात. फुटपाथवरच्या रंगरंगोटीपेक्षा ही दुरुस्ती आधी मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पाहणीत एक अडचणीचा विषय हमखास निघतो. फुटपाथ अडवणारे म्हणून बोट नेहमी भाजीच्या ठेल्याकडे जाते, पण टेप हाती घेतल्यावर दिसते की ले-आऊटमधील फुटपाथची बरीचशी जागा घरमालकांच्या लोखंडी जाळीतल्या बगीच्यांनी, गाडी चढवण्यासाठी बांधलेल्या उतारांनी आणि कायमच्या उभ्या केलेल्या चारचाक्यांनी खाल्लेली असते. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे. घराबाहेरच्या खासगी बगीच्याला असे कोणतेही संरक्षण नाही. गटातील सदस्यांनी आधी स्वतःच्या घरासमोरची जाळी मागे घ्यावी आणि नंतरच शेजारच्या काकांकडे विषय काढावा. ठेला मात्र हटवण्यापेक्षा दोन-तीन फूट सरकवून घ्यावा. संध्याकाळी ठेल्यावरचा दिवा आणि तिथे उभी असलेली माणसे यांमुळेच अनेक बायकांना तो रस्ता चालण्याजोगा वाटतो.

चौथी पायरी : एक मार्ग आणि एक ओलांडणी

आता परिसरातील घरे, शाळा, बाजार आणि स्थानक यांना जोडणारा एकच मार्ग निवडावा. सायकलसाठी मुख्य रस्त्याला समांतर जाणारी आतली गल्ली नेहमी बरी. दोन मिनिटे जास्त लागली तरी चालतील, पण रिंग रोडची कड टाळावी. मार्गावर वळणावळणाला खुणेच्या पाट्या लावायच्या असल्या तर ‘बाजार ६ मिनिटे’, ‘मेट्रो स्थानक ९ मिनिटे’ असे वेळेत अंतर लिहावे. पाटी लावण्यापूर्वी महापालिकेची परवानगी घ्यावी. ती मिळेपर्यंत घरमालकाच्या संमतीने त्याच्या आवारभिंतीवर रंगवून घेता येते.

मार्ग कितीही चांगला असला तरी तो जिथे मोठा रस्ता ओलांडतो तिथेच लोक माघार घेतात. म्हणून पहिल्या वर्षी एकच ओलांडणी निवडून तिच्यामागे लागावे. सिग्नल असल्यास हिशेब सोपा आहे. पादचाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरला जातो, तेव्हा २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला मात्र ३० सेकंद हवेत. तेथे प्रत्यक्षात किती सेकंद मिळतात ते मोजून वाहतूक पोलिसांना लेखी कळवावे, कारण वेळ वाढवून मागणे आणि ‘आमच्या आजी अर्ध्यात अडकतात, दहा सेकंद कमी पडतात’ असे सांगणे यांत फार फरक आहे. रस्त्याच्या मध्यभागी दुभाजक असेल तर तिथे थांबण्यापुरती मोकळी, सपाट जागा मागावी.

सिग्नल नसलेल्या ठिकाणी गतिरोधकाची मागणी होते आणि मग कोणी तरी रात्रीतून सिमेंटचा उंच ढिगारा टाकून मोकळा होतो. असा गतिरोधक सायकलस्वार आणि गरोदर स्त्रिया यांनाच सर्वाधिक त्रास देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असावा लागतो. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही हवा. अर्जात ही मापे लिहावीत. त्याहून चांगला पर्याय म्हणजे फुटपाथच्या पातळीपर्यंत उचललेले झेब्रा क्रॉसिंग. त्यावर गाडीचा वेग कमी होतो आणि चालणाऱ्याला उतरावे-चढावेही लागत नाही.

पाचवी पायरी : शाळेची रांग

शाळेपासून दीड किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांसाठी पायी रांग हा उपक्रम सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत लवकर परिणाम दाखवणारा आहे. ठरलेल्या मार्गावर तीन-चार थांबे निश्चित करायचे, प्रत्येक थांब्याची वेळ ठरवायची आणि पुढे एक, मागे एक असे दोन मोठी माणसे मुलांना घेऊन चालतील अशी व्यवस्था करायची. सात-आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी आणि लहान मुले असतील तर प्रमाण वाढवावे. पालकांची पाळी आठवड्यातून एक दिवस येईल असे वेळापत्रक केले तर ते टिकते. रोज एकाच आजोबांवर भार टाकला तर ते पहिल्याच सर्दीत बंद पडते.

थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. उशीर झालेल्या मुलाला त्याच्या पालकांनी पुढच्या थांब्यावर आणून सोडावे. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस रांग काढावी. दप्तर हलके ठेवण्याविषयी शाळेशी बोलावे. चालताना पाठीवरचे ओझे हीच मुलांची खरी तक्रार असते, अंतर नव्हे. सातवीपासून पुढच्या मुलांसाठी अशीच सायकलची रांग काढता येते : एकामागे एक, पुढच्याशी दोन सायकलींचे अंतर ठेवून, मोठ्यांपैकी एक जण सर्वांत मागे.

याच वयातील मुलांच्या हाती स्कूटी देण्याची पद्धत शिकवण्यांमुळे फार वाढली आहे. पालकांच्या बैठकीत उपदेश न करता कायदा वाचून दाखवावा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरता असतो आणि बाजारातील नेहमीच्या स्कूटी त्याच्या दुप्पट क्षमतेच्या आहेत. २५,००० रुपयांत चांगल्या दोन-तीन सायकली येतात, हा हिशेब पालक स्वतःच करतात.

सहावी पायरी : बंद पडलेल्या सायकली बाहेर काढणे

कोणत्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली पाहिले तर धूळ खात पडलेल्या सायकली दिसतात. नवीन सायकली वाटण्याचे कार्यक्रम करण्याआधी या रस्त्यावर आणाव्यात. परिसरातील सायकल दुरुस्तीवाल्या भाऊंना एका रविवारी चौकात किंवा बागेच्या दाराशी बसवावे. मजुरी वर्गणीतून द्यावी आणि ट्यूब, ब्रेकची रबरे, चेन असे सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. फुकट काम करून घेऊ नये. ते दुकान टिकले तरच वस्तीतील सायकली टिकतील.

प्रत्येक सायकलीवर पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. टायर दाबून हवा पाहावी आणि बाजूच्या भेगा तपासाव्यात, कारण वर्षानुवर्षे एका जागी उभ्या सायकलीचे टायर हवा भरल्यावर ठीक दिसतात आणि आठवड्यात फाटतात. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी, चाक फिरता कामा नये. चेनवरचे जुने काळे तेल कापडाने पुसून नवे थेंब आतल्या बाजूने सोडावेत. घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि पुढचा दिवा नसेल तर बसवावा. शेवटी सीटची उंची. बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट फार खाली असल्यानेच अनेकांचे गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला जातो.

स्त्रियांसाठी स्वतंत्र शिकवणीवर्ग ठेवला तर या संपूर्ण मोहिमेतील सर्वांत समाधानाचे काम तिथे होते. चाळिशी-पन्नाशीतील अनेक जणींनी लहानपणी सायकल कधी हातात घेतलेलीच नसते. मागून कोणी तरी सीट धरून धावण्याची जुनी पद्धत मोठ्यांच्या बाबतीत घातक ठरते. त्याऐवजी दोन्ही पॅडल पान्याने काढून टाकावीत (डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतो) आणि दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करावी. मग मैदानाच्या किंचित उताराच्या बाजूला पायांनी ढकलत, लांब लांब पावले टाकत पुढे जायला सांगावे. पाय उचलून काही अंतर सायकल आपोआप सरळ जाऊ लागली आणि नजर चाकावरून उठून समोर गेली की तोल आला असे समजावे. त्यानंतर पॅडल बसवावीत. ‘काकू, खाली बघू नका, त्या कडुनिंबाकडे बघा’ एवढीच सूचना पुनःपुन्हा द्यावी लागते. दुपट्टा कमरेला घट्ट बांधावा आणि साडी नेसणाऱ्यांसाठी मध्ये दांडी नसलेली, चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल घ्यावी. वर्ग सकाळी साडेपाच-सहाला, शक्यतो बाहेरच्यांची वर्दळ नसलेल्या मैदानावर घ्यावा. पाहणारे कमी असले की शिकणे लवकर होते.

सायकल उभी करण्याची सोयही याच टप्प्यावर व्हावी. दुकानांच्या ओळीसमोर जमिनीत रोवलेली, उलट्या ‘यू’ आकाराची, साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीची लोखंडी नळी पुरेशी असते. तिला सायकलीचा सांगाडा आणि चाक दोन्ही कुलपाने बांधता येतात. फक्त पुढचे चाक अडकवणारे स्टँड घेऊ नयेत, त्यात रिम वाकते. दोन नळ्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवल्यास एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. दुकानदाराला भीती गिऱ्हाईक तुटण्याची असते. त्याला दुसऱ्या पायरीतील वही दाखवावी, बहुतेक ओळींत पायी येणारे गिऱ्हाईक त्याच्या अंदाजापेक्षा जास्त निघते. मेट्रोने पुढे जाणाऱ्यांसाठी स्थानकावर सायकल ठेवण्याची जागा पाहून ठेवावी. माझी मेट्रोने डब्यात सायकल नेण्याची मुभा दिलेली आहे, तरी गर्दीच्या वेळेचे नियम स्थानकावर विचारून घ्यावेत.

सातवी पायरी : उन्हाचे नियोजन

नागपुरात या विषयाला बगल देऊन कोणतीही मोहीम चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपात सिमेंटचा रस्ता सूर्यास्तानंतरही कितीतरी वेळ उष्णता सोडत राहतो. म्हणून मोहिमेची सुरुवात दिवाळीनंतर करावी, सवय थंडीत लावावी आणि मार्च उजाडण्यापूर्वी वेळापत्रक ऊन टाळणाऱ्या वेळांवर आणावे. एप्रिल ते मान्सून येईपर्यंत सर्व उपक्रम सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर ठेवावेत. दुपारी बारा ते चार या वेळेत कोणालाही सायकलचा आग्रह करू नये.

सावलीचा नकाशा हा यावरचा दूरचा उपाय आहे. एप्रिलमधील एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता ठरलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंवर सावली कुठे पडते ते नकाशावर रंगवावे. ज्या पट्ट्यात तिन्ही वेळा ऊन आहे, तिथे जुलैत झाडे लावावीत. कडुनिंब, करंज आणि जांभूळ ही आपल्या हवेत टिकणारी सावलीची झाडे आहेत. गुलमोहर दिसायला देखणा असला तरी वादळात त्याच्या फांद्या मोडतात, शिवाय ऐन उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची पाने झडलेली असतात. रोप पाच-सहा फुटांचे, जाळीसह लावावे आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे घराच्या क्रमांकासह ठरवावे. असलेल्या झाडांच्या बुंध्याशी गट्टू आणि काँक्रीट गच्च बसवलेले असेल तर ते काढून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, त्याचा दाखला निवेदनात देता येतो.

तोपर्यंत मार्गावर दर चार-पाचशे मीटरला पाणपोई आणि बसण्याचा एक बाक असावा. डोक्याला शेला, सोबत पाण्याची बाटली आणि पोटात काही तरी, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते असे की एखादा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले किंवा तो कोसळला तर तो उष्माघात समजून ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नये.

पहाटेच्या अंधारात मोकाट कुत्रे मागे लागतात, हे टाळाटाळीचे कारण म्हणून उडवून लावू नये. कुत्रा धावून आला तर वेग वाढवण्याऐवजी हळू व्हावे, उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालत पुढे जावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

आठवी पायरी : मागणी योग्य टेबलावर नेणे

नागपुरातील रस्ता कोणाचा, हे आधी शोधावे लागते. तो महापालिकेचा, नागपूर सुधार प्रन्यासचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो आणि चुकीच्या कार्यालयात दिलेले निवेदन महिनोन्‌महिने ‘आमच्याकडे येत नाही’ एवढ्या उत्तरासाठी फिरत राहते. आतल्या रस्त्यांसाठी महापालिकेच्या दहा झोनपैकी आपल्या झोनच्या कार्यालयात कार्यकारी अभियंत्यांच्या नावे पत्र द्यावे. सिग्नल, वेगमर्यादा आणि पार्किंगबंदी यांसाठी त्याची प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी. पत्र दोन पानांपेक्षा मोठे नको. एका पत्रात एकच ओलांडणी किंवा एकच पट्टा, सोबत चार फोटो, टेपची मापे आणि मोजणीचा तक्ता जोडावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ३० दिवसांत हालचाल दिसली नाही तर पत्रावर काय कार्यवाही झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. फुटपाथवरून विनाअडथळा चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. पत्राच्या शेवटी त्याचा एका वाक्यात उल्लेख करावा.

कायमच्या बांधकामापेक्षा महिनाभराची चाचणी मंजूर करून घेणे सोपे जाते. चौकातले वळण शंकू आणि चुन्याच्या रेषांनी अरुंद करून पाहायचे, गाड्यांचा वेग आणि ओलांडणाऱ्यांची संख्या आधी व नंतर मोजायची आणि उपयोग झाला तरच पक्के काम मागायचे. अभियंत्यालाही यात जोखीम कमी वाटते. प्रभागातील नगरसेवकांपैकी ज्यांच्या घराजवळ हा मार्ग येतो त्यांना पहिल्या पाहणीलाच सोबत घ्यावे आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी असेल तर डिसेंबरच्या आत त्यांच्या हाती लेखी खर्च द्यावा. मार्चमध्ये गेलेल्यांना पुढच्या वर्षीचा वायदा मिळतो.

रविवारची मोकळी सकाळ हा उपक्रम या टप्प्यानंतर घ्यावा. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रस्ते ठरावीक वेळ गाड्यांसाठी बंद ठेवले जातात आणि गुरुग्राममध्ये २०१३ मध्ये ‘राहगिरी’ने हीच कल्पना भारतात आणली. वस्तीच्या पातळीवर एकच गल्ली, सकाळी सहा ते नऊ, पोलिसांच्या परवानगीने आणि रुग्णवाहिकेला वाट ठेवून बंद करावी. ध्वनिक्षेपक आणि भाषणे नकोत. मुलांना रस्ता मोकळा मिळाला की ती काय करायचे ते स्वतः ठरवतात.

नववी पायरी : पुन्हा मोजणी

बरोबर एका वर्षाने त्याच चौकात, त्याच वारी, त्याच वेळी वही घेऊन बसावे. एकूण सायकली वाढल्या नसल्या तरी मुले आणि स्त्रिया यांचे रकाने वाढले असतील तर मार्ग चालतो आहे असे समजावे. उलट फक्त सकाळी साडेसहाच्या ओळीत हेल्मेटवाले सायकलस्वार वाढले आणि संध्याकाळची भाजीच्या वेळची ओळ तशीच राहिली, तर व्यायाम वाढला आहे, वाहतूक बदललेली नाही. अशा वेळी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे परत जावे. दोन्ही वर्षांचा तक्ता एका पानावर छापून झोन कार्यालय, शाळा, दुकानदार आणि सायकल दुरुस्तीवाले यांना द्यावा आणि नकाशा व वहीची झेरॉक्स शेजारच्या ले-आऊटमधील मंडळींकडे सोपवावी, म्हणजे त्यांचा मार्ग आपल्या मार्गाला कुठे जोडायचा हे त्यांच्या पहिल्या बैठकीतच ठरवता येईल.